मंडनमिश्रांचे पोपट

जबलपूरहून नर्मदेच्या वरच्या अंगाला शंभरेक किलोमीटरवर मंडला आहे. मीमांसक पंडित मंडनमिश्रांची माहिष्मती ती हीच, असं तिथले लोक सांगतात. महेश्वरकरांना अर्थातच ते मान्य नाही; त्यांच्या मते माहिष्मती म्हणजे महेश्वरच. 'शंकरदिग्विजया'तल्या कथेनुसार आद्य शंकराचार्यांनी मंडनमिश्रांचं घर विचारलं, तेव्हा पाण्याला निघालेल्या दासींनी खूण सांगितली: ज्या दारात पिंजऱ्यातले पोपट 'ज्ञान स्वतः प्रमाण की परतः' असा वाद घालत असतील, ते घर.

या वादात मीमांसकांच्या मते ज्ञान मुळातच प्रमाण असतं. बाधक काही पुढे येईपर्यंत शंका घ्यायची नाही. नैयायिकांच्या मते खरेपणा बाहेरून ठरतो. समोर दिसतं ते पाणी की मृगजळ, हे तहान भागल्यावरच कळतं.

हाच वाद कंपायलर तपासतानाही निघतो. कंपायलर म्हणजे माणसाचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या. त्याची परीक्षा घेताना आलेलं आउटपुट जपून ठेवलेल्या अपेक्षित आउटपुटशी ओळीन्ओळ ताडतात. चाचण्या हजारोंनी असतात, त्यामुळे हे काम यंत्राकडेच सोपवलेलं असतं. रस्ट भाषेची चाचणीयंत्रणा तर फोल्डरचे पत्ते आणि काही ठिकाणी ओळींचे आकडे आधी झाकून टाकते, नाहीतर जागा बदलली तरी चाचणी नापास व्हायची.

वरवर पाहता इथे नैयायिक जिंकले. पण अपेक्षित आउटपुट लिहितं कोण? बहुतेकदा कंपायलरच! रस्टमध्ये नवं आउटपुट प्रमाण म्हणून फाइलीत भरून घेण्याच्या पर्यायाचं नावच 'ब्लेस', म्हणजे आशीर्वाद. फरक न वाचता तो दिला, की आजची चूक प्रमाण होऊन बसते आणि उद्या ती दुरुस्त करणाराच नापास ठरतो. मालकाचंच बोलणं पोपटाच्या तोंडून ऐकायचं आणि त्याला साक्ष म्हणायचं, असा हा प्रकार.

युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांचं 'सीस्मिथ' स्वैरपणे सी प्रोग्रॅम रचतं. तोच प्रोग्रॅम अनेक कंपायलरांना देऊन उत्तरं एकमेकांशी ताडायची. जपून ठेवलेलं उत्तर लागतच नाही. 2011च्या त्यांच्या निबंधात तीन वर्षांत सापडलेल्या 325हून अधिक नव्या दोषांची नोंद आहे. अर्थात सगळेच कंपायलर एकसारखे चुकले, तर हा साक्षीदारही गप्प बसतो.

त्या परीक्षेला 'कॉम्पसर्ट' हा कंपायलरही बसला होता. त्याच्या बऱ्याच भागाच्या अचूकतेची गणिती सिद्धता दिलेली आहे. त्याच्यातही दोष निघाले, पण ते सिद्धतेबाहेरच्या भागांत.