महाप्रस्थानातला सातवा



आज चिंतनाला महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व घेतलंय. अठरातलं सतरावं, अगदी छोटं. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. परीक्षिताला राज्य देऊन पाच पांडव आणि द्रौपदी वल्कलं नेसून हस्तिनापुरातून निघतात. मागून एक कुत्रा चालू लागतो. व्यास त्यालाही मोजतात, म्हणजे सहा माणसं आणि सातवा तो. हिमालय ओलांडल्यावर द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. शेवटी युधिष्ठिर उरतो आणि मागे तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो, बस. पण कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही.

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला ती मुक्या प्राण्यावरच्या दयेची वाटायची. आता वाचताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हा माणूस जुगारी होता.

आपण त्याला धर्मराज म्हणतो आणि सभापर्वाची पानं जरा भरभर उलटतो. त्यानं राज्य लावलं, भाऊ लावले, स्वतःला लावलं, शेवटी द्रौपदीला लावलं. पुढचं तर जास्त वाईट आहे. धृतराष्ट्रानं सगळं परत दिलं, मंडळी घरी निघाली, पुन्हा खेळायचं बोलावणं आलं आणि हा परत फिरला. जुन्या ग्रंथांत दारू आणि द्यूत 'व्यसन' या एकाच शब्दाखाली शेजारी बसतात, ते उगाच नाही. व्यसनमुक्तीच्या मीटिंगला बसणाऱ्या कुणालाही हे दुसरं द्यूत समजावून सांगावं लागत नाही. आम्ही त्याला 'स्लिप' म्हणतो.

'आम्ही' लिहिलं खरं. इथे हे पहिल्यांदाच लिहितोय. मी दारुडा आहे. प्यायलो नाही त्याला सव्वीस महिने झाले. त्याआधी आईच्या दोन पाटल्या मी तिला न सांगता गहाण टाकल्या होत्या. त्यामुळे 'पणाला लावणं' म्हणजे काय, यासाठी मला टीका उघडावी लागत नाही.

केंद्रातून घरी आलो तेव्हा जुलै होता. आई साताऱ्याला, मी पुण्यात सिंहगड रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा. केंद्रात दिवस आखून दिलेला असतो. घरी संध्याकाळचे सात वाजले की हातांना काय करायचं तेच कळायचं नाही. काउन्सेलरनं चार गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं काहीही वाढलं की तलफ येते. माझ्याकडे सातला चारही हजर.

आठवड्याभरात सोसायटीच्या वॉचमनकाकांनी पावसात भिजलेलं एक काळं पिल्लू माझ्या हातात ठेवलं. "दादा, आजची रात ठेवा फक्त." रात्रीचे दोन दिवस झाले, दोनाचे दहा. आई फोनवर म्हणाली, "इतका काळा आहे तर बुक्का म्हण." झालं नाव.

बुक्कानं मला सुधारलं असं मी म्हणणार नाही. त्याला फक्त सात वाजता बाहेर जायचं असायचं. वाइन शॉप चौकात, आणि हा ओढायचा उलट्या बाजूला, कॅनॉलकडे. मला एकट्याला चालायला सांगितलं असतं तर मी दहा कारणं काढली असती. ह्याच्याशी वाद घालता येत नाही. दार खरवडत राहतो. परत येऊन त्याला जेवायला घातलं की मलाही भूक लागायची. एका संध्याकाळी नऊ वाजले तरी तलफ आठवली नव्हती, ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात अशीच आहे म्हणा ना. १९३५ साली बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून काही महिनेच झालेले, काम फिसकटलेलं, आणि हॉटेलातला बार खुणावत होता. त्यानं फोनाफोनी करून दुसरा एक दारुडा शोधला, डॉ. बॉब स्मिथ. उपदेश ऐकायला नव्हे. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो तर आजची रात्र निघेल, म्हणून. माझ्या वाट्याला डॉक्टर आला नाही, बुक्का आला.

आता पाचव्या महिन्यातलं सांगतो. ऑफिसमधल्या एकाचा निरोप होता. 'अर्ध्या तासात येतो' असं मी कुत्र्याला सांगून निघालो. (कुत्र्याला सांगतो माणूस. हसू नका.) घरी आलो दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. दाराच्या आतल्या बाजूला त्यानं घाण केलेली, आणि ती लपवायला पायपुसणं वर ओढलेलं. पाण्याचं भांडं कोरडं, बहुतेक बराच वेळ चाटलेलं. आणि मला बघून तो शेपूट हलवत आला.

लोक म्हणतात, कुत्रं बिनशर्त प्रेम करतं, त्या प्रेमानं माणूस बदलतो. मला तसं नाही वाटत. मी जन्मभर माफीवर जगलो होतो. आईनं माफ केलं, बहिणीनं केलं, दोन बॉसनी केलं, आणि दर माफीनंतर मी मोकळेपणानं प्यायलो. मला हलवलं ते त्या भांड्यानं. आई ओरडली की मी उलट बोलू शकायचो, तिच्या चुका काढू शकायचो. भांड्याला काय बोलणार? ज्याचं पाणीसुद्धा माझ्या हातात होतं, त्याला मी रात्रभर पणाला लावलं होतं. पाणी भरलं आणि तिथेच फरशीवर बसून स्पॉन्सरला फोन लावला. संध्याकाळी फ्लॅटची एक किल्ली वॉचमनकाकांकडे दिली आणि ती का, तेही सांगितलं. ते सांगणं स्पॉन्सरच्या फोनपेक्षा अवघड गेलं.

त्यानंतर कधीतरी हे पर्व पुन्हा वाचलं. इंद्र युधिष्ठिराला टोचतो: भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग या कुत्र्याला सोडायला काय होतं? युधिष्ठिर म्हणतो, ते मेले, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत होते तोवर सोडलं नाही. हा जिवंत आहे, माझ्या भरवशावर आलाय. इथे मी थांबतो. ज्यानं भरसभेत आपली माणसं डावावर लावली, तो आता स्वर्ग समोर असताना एक भटकं कुत्रं डावावर लावत नाही. पंडितांनी असा अर्थ लावलाय की नाही, ठाऊक नाही. मला तो असा भेटला. आणि कुत्र्याच्या रूपात धर्म होता हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं, हे विसरू नका. मागे चालणारं मुकं जनावर, एवढंच त्याला माहीत.

पुढच्या स्वर्गारोहण पर्वात त्याला नरक दाखवतात. अंधारातून भावांचे, द्रौपदीचे आवाज येतात, तू थांबलास की आम्हाला बरं वाटतं. तो तिथेच थांबतो, देवदूताला म्हणतो, तू जा. आधी कुत्रा, मग माणसं. हा क्रम मला फार धीराचा वाटतो.

मागच्या आठवड्यात एका ताईंनी विचारलं, "भाऊ खूप पितो, त्याला पिल्लू आणून देऊ का?" ताई, आत्ता नको. आधी डॉक्टर. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६पासून हेच काम करतंय, तिथे किंवा जवळच्या चांगल्या केंद्रात आधी बोला. घरी येऊन तो थोडा स्थिरावला की मग बघा, आणि तेव्हाही दुसरं एखादं माणूस किल्ली घेऊन तयार असू द्या. पिल्लू म्हणजे गोळी नव्हे. त्यालाही जीव आहे. त्याला इंजेक्शनं द्यावी लागतात, नसबंदी करावी लागते, आणि भाऊ पुन्हा घसरला तर आत कोंडलं जाणारं ते असतं.

पाटल्यांचं राहिलं. एक सोडवली. दुसरी मी पिण्यात होतो तेव्हाच लिलावात गेली होती. नवी करायला पैसे साठवतोय, सोन्याचा भाव माझ्यापेक्षा जोरात पळतोय. आई पाटली एकाच हातात घालते. दुसरीबद्दल विचारत नाही, मीच दर महिन्याला आकडा सांगतो. काल ती आलीये. आत्ता दाराशी बसून त्याच हातानं बुक्काच्या कानामागे खाजवतेय आणि मला म्हणतेय, "अरे, सात वाजले, किती लिहितोस?"

निघतो. राम कृष्ण हरी.