शिक्षकाचा सन्मान : कोणाचा धर्म?

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९६२ साली राष्ट्रपती झाले, आणि त्यांचा ५ सप्टेंबर हा जन्मदिवस त्या वर्षापासून देशभर शिक्षकदिन म्हणून पाळला जाऊ लागला. शिक्षकांस राष्ट्रीय पुरस्कार देण्याची योजना त्याही आधीची, १९५८ सालची आहे. पुढे गावोगावच्या शाळांतूनही त्या दिवशी एखाद्या गुरुजींना वा बाईंना शाल, श्रीफळ व मानपत्र देण्याचा प्रघात पडला. प्रघात चांगलाच आहे. परंतु एकाच्या खांद्यावर शाल पडत असता मागील रांगेत बसलेल्या इतर शिक्षकांच्या मनात काय येते, आणि शाल स्वीकारणाऱ्याने ती कोणत्या भावनेने स्वीकारावी, हा प्रश्न धर्मदृष्टीने पाहण्याजोगा आहे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची जी लक्षणे सांगितली, त्यांचा आरंभ अमानित्वापासून होतो. आपणांस कोणी थोर म्हणावे ही इच्छाच नसणे, ते अमानित्व. आणि त्याच श्लोकात पुढे आचार्योपासनाही येते. वरवर पाहणाऱ्यास यात विसंगती भासेल. ज्याला मान नको असावा असे शास्त्र म्हणते, त्यालाच मान द्या असेही शास्त्र सांगते, हे कसे? उलगडा असा की, आचार्योपासना हे उपासना करणाऱ्याचे लक्षण आहे. आचार्याचे ते येणे नव्हे. मान देण्याने देणाऱ्याचा अहंकार झिजतो आणि त्याचे चित्त विद्या ग्रहण करण्यास योग्य होते. तेव्हा शिक्षकाचा सन्मान हे शिकणाऱ्याचे व त्याच्या आईबापांचे कर्तव्य ठरते. आणि आपले कर्तव्य दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही.

नेमके हेच अलीकडे घडू लागले आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी पूर्वी राज्य सरकारांमार्फत शिफारशी जात. २०१८ साली नियम बदलले आणि शिक्षकाने स्वतःच अर्ज करावा अशी पद्धत आली. अधिकाऱ्यांच्या ओळखीत नसलेल्या आडगावच्या शिक्षकालाही वाव मिळावा, हा त्यातला हेतू निर्दोष आहे, आणि एवढ्या विस्तीर्ण देशात दुसरा मार्ग सुचणेही कठीण. पण त्याचे अनुकरण करून लहानसहान संस्थाही आपल्याच शिक्षकांकडून आपल्या कार्याचा अहवाल छायाचित्रांसह मागवू लागल्या, तर ते मात्र अनुचित होय. सत्कार, मान आणि पूजा यांसाठी केलेले तप राजस असून त्याचे फळ अस्थिर असते, असे सतराव्या अध्यायात सांगितले आहे. वर्गात शिकविता शिकविता ज्याचे एक लक्ष छायाचित्राकडे लागले, त्याचे तप त्या क्षणीच राजस झाले. आणि त्याला तिकडे वळविणारे आपणच. अर्ज लिहिणाऱ्या शिक्षकास दोष देणे अन्यायाचे आहे. इतर सारे मुके राहिले म्हणून त्या बिचाऱ्यास बोलावे लागले. ज्या शाळेत तीनशे मुले आणि दहा शिक्षक आहेत, तेथे कोण कसे शिकवितो हे ठाऊक नाही असे म्हणण्यास चालकांना तोंड नाही.

मग उत्तम शिक्षक ओळखावा कसा? कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात हा वाद रंगला आहे. गणदास व हरदत्त हे दोन नाट्याचार्य राजापुढे श्रेष्ठत्वासाठी भांडतात, तेव्हा परिव्राजिका कौशिकी मोठी मार्मिक गोष्ट सांगते: कोणाच्या अंगी विद्या उत्तम असते, कोणाला ती दुसऱ्यात उतरविण्याची हातोटी असते, दोन्ही ज्याच्या ठायी, तो शिक्षकांचा अग्रणी. म्हणून परीक्षा शिष्यांच्या प्रयोगावरून व्हावी असे ठरते. निकष उत्तमच, पण नाटकातला गमतीचा भाग पुढे आहे. राजाला आचार्यांच्या गुणदोषांशी कर्तव्य नव्हते. त्याला मालविका पाहावयाची होती! गणदासाची शिष्या नाचून जाते, राजाचे काम होते, इतक्यात माध्यान्हसमय झाल्याची वर्दी येते आणि हरदत्ताचा प्रयोग राहून जातो. आजच्या कित्येक सत्कारसमारंभांत पाहुण्यांची भाषणे लांबून गुरुजींना दोन शब्द बोलण्यास वेळ उरत नाही, तेव्हा या हरदत्ताची आठवण व्हावी.

शिष्यावरून गुरू ओळखण्याच्या या कसोटीलाही एक मर्यादा आहे. दहावीच्या वर्गाचा निकाल लागला की त्या वर्षीच्या शिक्षकांची वाहवा होते. ज्या बाईंनी दहा वर्षांपूर्वी त्याच मुलांचा हात धरून अक्षर गिरविले, त्यांचे नाव कोणी घेत नाही. जो मास्तर नापास होणाऱ्या मुलाला कसाबसा पास होण्यापर्यंत आणतो, त्याचे यश पस्तीस गुणांच्या आत दडून राहते. गुणपत्रिकेत न दिसणारे हे काम पालकाला दिसते, शेजारच्या वर्गातील सहशिक्षकाला दिसते, आणि उशिरा का होईना, त्या विद्यार्थ्यालाही कळते. निवड करणाऱ्यांनी या तिघांस विचारावे.

सन्मान हेही एक दानच आहे, म्हणून गीतेतील दानाचे तीन भेद येथेही लागू पडतात. परीक्षेच्या तोंडावर गुरुजींच्या घरी मिठाई धाडणे हे फळावर डोळा ठेवून दिलेले, म्हणून राजस. पुढारी यावयाचे आहेत म्हणून वयोवृद्ध शिक्षकास दोन तास उन्हात तिष्ठत ठेवून मग घाईघाईने हार घालणे तामस. त्यापेक्षा सन्मान न झालेला बरा. द्यावयास हवे म्हणूनच जे योग्य स्थळी, योग्य वेळी, पात्र व्यक्तीस आणि परतफेडीची आशा न धरता दिले जाते, ते सात्त्विक.

आणि अशा सन्मानाला शाल लागतेच असे नाही. ज्ञान मिळविण्याचे मार्ग सांगताना चौथ्या अध्यायात प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीला परिप्रश्न ठेवला आहे. जिज्ञासेने विचारणे हीही गुरूची पूजाच आहे. पूज्य मानणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. तैत्तिरीय उपनिषदात आचार्याला देव मानण्यास सांगणारा गुरूच शिष्याला म्हणतो की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच घे, इतर घेऊ नकोस. एवढे स्वतःविषयी सांगू शकणाऱ्याला मानपत्रातील अतिशयोक्ती अवघडच वाटेल.

गृहस्थाने एवढेच करून पाहावे. अडखळत वाचणारा मुलगा एके दिवशी सरळ वाचू लागला, तर त्याला बरोबर घेऊन शाळेत जावे, आणि बाईंना इतर कोणी नसताना सांगावे की हा आता वाचतो, हे तुमच्यामुळे झाले. बहुधा बाई चटकन विषय बदलतील. घरी रोज मोठ्याने वाचतो ना, असे विचारतील, आणि मुलाच्या हाती पुढचे पुस्तक देतील.