गुरगुर ऐकायची असते

संध्याकाळी पुण्याच्या वाघोलीतल्या कुठल्याही टॉवरची लिफ्ट भरलेली असते. दप्तरं, भाजीच्या पिशव्या, कामावरून परतलेली माणसं आणि कुणाच्या तरी पायाशी उभं राहिलेलं एखादं पोमेरियन किंवा शिह त्झूचं पिल्लू. कुणीतरी कौतुकानं वाकतं, हात पुढे करतं. पिल्लू मान वळवतं, ओठांवरून जीभ फिरवतं, कान मागे पाडतं. हात तरी पुढेच येतो. मग ते गुरगुरतं आणि सगळे हसतात, "एवढासा जीव आणि राग बघा केवढा!"

हे हसू मला खुपतं. लॅब्रॅडोर गुरगुरला असता तर हेच लोक भिंतीला चिकटले असते. लहान कुत्र्याचं 'नको' मात्र कुणी मनावर घेत नाही. मालकही त्याला पटकन उचलतात, नाहीतर नाकावर टपली मारून गप्प करतात. लिफ्टमध्ये पळायला जागा नाही, गळ्यात पट्टा आहे, गुरगुरून काही उपयोग होत नाही. उरतात दात, आणि दात लावल्याबरोबर हात मागे जातो. एकदा हे कळलं की पुढच्या वेळी ते गुरगुरण्यात वेळ घालवत नाही. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१० मधला अभ्यास हेच सुचवतो: शिक्षा जास्त तिथे कुत्र्याची आक्रमकताही जास्त, आणि लहान कुत्र्यांत हे नातं अधिक ठळक.

रागाच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते, आणि तिचं बीज फार लवकर पडतं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे निवांतपणे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटू लागतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मधल्या आपल्या ग्रंथात हा काळ तपशिलानं मांडला. आपल्याकडे नेमके हेच आठवडे फ्लॅटमध्ये जातात, कारण लसी पूर्ण व्हायच्या असतात. पार्वो या आजाराची धास्ती खरीच आहे. पण वाघोली हे दगडखाणींचं गाव. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत आलं आणि आता चहूकडे बांधकामं उभी राहताहेत. नगर रस्त्यावरचे डंपर, कर्णकर्कश हॉर्न, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, हे सगळं चार महिन्यांच्या पिल्लाच्या अंगावर एकदम कोसळतं. टपरीमागे जन्मलेल्या गावठी पिल्लाला त्याचं काहीच वाटत नाही. त्याचे डोळे उघडले ते त्याच गोंगाटात. पहिली लस होऊन आठवडा झाला की पशुवैद्यांना विचारून पिल्लाला कडेवर घेऊन फिरवावं. जमिनीवर सोडायचं नाही, अनोळखी कुत्र्यांजवळ न्यायचं नाही, फक्त वाघेश्वर मंदिराच्या बाजूची वर्दळ लांबून दाखवायची.

भीती बसलीच असेल तरी वाट आहे, फक्त ती संथ आहे. डंपर दिसेल पण पिल्लू शांत राहील इतक्या लांब उभं राहायचं. आधी डंपर दिसू द्यायचा, मग लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. हा क्रम उलटा करू नये, नाहीतर तुकडा हीच धोक्याची खूण ठरते. त्यानं खाऊ नाकारला तर आपण फार जवळ आलो आहोत. मुकाट्यानं मागे व्हायचं. माणसांच्या बाबतीतही हेच, आणि पाहुण्यांना "हात लावू नका" असं सांगताना संकोच करू नये. शांत कुत्रं अचानक चावरं झालं, तर आधी पशुवैद्यांकडे न्यावं. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास बराच आढळतो, आणि दुखणारा पाय धरून उचललं तर कुणीही कळवळेल. दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टर गाठायचा; लस झालेल्या घरच्या कुत्र्याच्या बाबतीतही यात सूट नाही.

काही कुत्र्यांना परका हात आयुष्यभर आवडत नाही. गणपतीत घर माणसांनी भरलं की अशा कुत्र्याला आतल्या खोलीत त्याच्या अंथरुणावर राहू द्यावं, दार लावून घ्यावं. आरतीला तो बाहेर नसला तरी चालेल.