डब्याचा हिशेब

बाहेरच्या जेवणाला रोज शंभर रुपये धरले, तरी कामाच्या 25 दिवसांचे अडीच हजार होतात. महागाईच्या दिवसांत घरचा डबा नेऊन पगारातून एवढे पैसे मागे पडणं ही लहान गोष्ट नाही. मुंबईने घरच्या डब्याची किंमत फार पूर्वी ओळखली. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी तो कामाच्या जागी पोचवायची व्यवस्था उभी केली, ती आजही चालू आहे.

पण या हिशेबात एक गोष्ट कधी मांडलीच जात नाही. पहाटे पाचला उठून कणीक मळणाऱ्या बाईची झोप. सगळ्यांचे डबे भरून तिलाही आठ-दहाची लोकल गाठायची असते, आणि गडबडीत नेमका तिचाच डबा राहतो. हे मनाला फार लागतं. पैसे घरादाराचे वाचतात, मग खटपट एकटीनेच का करायची? रात्री टीव्ही बघता बघता गवार मोडणं, लसूण सोलणं कुणालाही जमतं. भेंडी धुऊन, पुसून, चिरून ठेवली की सकाळी पटकन परतून होते. ज्याला पोळ्या लाटता येत नाहीत, त्याने डबे भरावेत आणि संध्याकाळी आल्यावर घासूनही ठेवावेत.