मीटरला सारं कळतं

आपल्याविषयी कुणाला तरी सगळं कळावं आणि कुणालाच काही कळू नये, अशा दोन इच्छा मध्यमवर्गीय माणूस एकाच वेळी बाळगून असतो. चाळीत पहिली इच्छा फुकटात पुरी व्हायची. दुसरी पुरी व्हावी म्हणून आपण ब्लॉकमध्ये राहायला आलो. दाराला लॅच बसवलं, वर कडी लावली, बाहेर कोण उभं आहे ते बघायला भिंगाचं भोक पाडलं. एवढा बंदोबस्त झाल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीतून गॅसचा नळ आत आला आणि त्याच्याबरोबर मीटर.

जुना मीटर तसा भिडस्त. कंपनीचा माणूस दोन महिन्यांनी यायचा आणि आकडा उतरवून न्यायचा. साठ दिवसांच्या आमट्या, पोळ्या आणि उतू गेलेलं दूध त्या एका आकड्यात गडप व्हायचं. आता काही शहरांत आपणहून आकडे कळवणारे मीटर बसू लागले आहेत. हे तासातासाचा हिशेब देऊ शकतात. म्हणजे पहाटेचा चहा साडेपाचला झाला की साडेसहाला, पाहुणे मंगळवारी गेले की अजून मुक्काम ठोकून आहेत, सगळं कळायची सोय!

कंपनीला यात चहाटळपणा करायचा नसतो, हे मान्य केलं पाहिजे. तिच्या विवंचना वेगळ्या. उद्या शहराला किती गॅस लागेल, याचा अंदाज तिला आदल्या दिवशीच बांधावा लागतो. शहराच्या वेशीवर मोजून घेतलेला गॅस आणि घरोघरच्या मीटरांची बेरीज जुळली नाही, तर कुठे तरी गळती आहे, चोरी आहे, नाही तर मापात खोट आहे. जमिनीखालच्या शेकडो किलोमीटर नळांपैकी आधी कुठला बदलायचा, हे त्याचं वय, धातू, भोवतालची माती आणि पूर्वीच्या गळत्या पाहून कॉम्प्युटर सुचवतो. आमच्या घरी डबा नुसता हलवून साखर किती दिवस पुरेल ते सांगितलं जातं, त्याचीच ही थोरली आवृत्ती. तिला डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतात आणि ती करणाऱ्याला पगार मिळतो, एवढाच फरक.

इथवर माझी तक्रार नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. एखादी गोष्ट कळली, की ज्याला कळली त्याच्यावर काही जबाबदारी येते की नाही?

चाळीतल्या समोरच्या काकूंना सगळं कळायचं आणि त्याचा त्रासही व्हायचा. पण एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या खोलीतून आठ वाजेपर्यंत स्टोव्हचा आवाज आला नाही, की त्याच काकू जाऊन कडी वाजवायच्या. त्यांच्या भोचकपणाला हात होते. मीटरलाही आठ वाजता कळतं, की आज इथे चहा झालेला नाही. तो शून्य लिहितो. नऊ वाजता आणखी एक शून्य लिहितो. पुढे बिल कमी येतं.

या शतकाच्या सुरुवातीला टोकियो गॅस कंपनीने यावर एक तोड काढली होती. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या घरी गॅस किती वापरला गेला, ते दूरच्या मुलांना कळवायचं. कल्पना ऐकून मला गहिवरून आलं. मग शंका आली. शून्य आलं तर मुलगा घाबरून फोन करील. पण आकडा आला तर? आईने गॅस पेटवला, म्हणजे आई ठीक आहे. मग फोन कशाला?

आणि आकडा खरा असून भागत नाही, तो कुणाचा आहे हेही ठाऊक असावं लागतं. १३ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, लॉरेन्स शहरात जुना बिडाचा नळ बंद करून नवा जोडण्याचं काम चालू होतं. दाब मोजणाऱ्या नळ्या मात्र जुन्या नळावरच राहिल्या. त्या निकामी नळातला दाब उतरू लागला, तसा यंत्राने इमानेइतबारे गॅस सोडला, पण तो जिवंत नळात. आसपासच्या तीन गावांत घरांना आगी लागल्या, स्फोट झाले, एक अठरा वर्षांचा मुलगा गेला. दूर ओहायओतल्या नियंत्रण कक्षात दाब वाढल्याचा इशारा पोचला होता. पण तिथून झडप बंद करण्याची सोयच नव्हती. कळलं होतं, हात नव्हते.

नैसर्गिक वायूला मुळात वास नसतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत गळलेला गॅस कुणाच्याच नाकाला कळला नाही. स्फोटात तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाण वास मिसळण्याचा कायदा तिथे झाला. मला ही माहिती वाटण्याची सर्वांत सभ्य रीत वाटते. हा वास कुठल्या कचेरीत साठवला जात नाही. मालकाला, मोलकरणीला, पाहुण्याला सारखाच येतो. आणि ज्याला येतो त्याने खिडकी उघडायची, कॉक बंद करायचा; ‘हे माझं खातं नाही’ असं म्हणायची सोय नाही.

तेव्हा कंपनीने खुशाल मोजावं. आमच्या चहाच्या वेळा काही राष्ट्रीय गुपित नाहीत. फक्त एखाद्या म्हाताऱ्याच्या घरी ओळीने शून्यं आली, तर ती नुसती लिहून घेऊ नयेत. कुणाला तरी कडी वाजवायला पाठवावं. येणाऱ्याने हवं तर जुन्या थकबाकीची आठवण करून द्यावी. आत माणूस धडधाकट असला, तर भांडेल. त्याइतकी खात्रीची खुशाली दुसरी नाही.