साक्षीदाराची जीभ कोणाची?



आपल्या वसई परिसरात जमिनीला सोन्याचा भाव आला आणि दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या अनेक घरांच्या ओळखीच्या झाल्या. वाटणीचे दावे, बांधाचे तंटे, वहिवाटीच्या रस्त्याचा वाद, विहिरीतला हिस्सा, बहिणीचे हक्कसोडपत्र. न्यायालयात जाणे हे पाप नाही. हातघाईवर येण्यापेक्षा भांडण न्यायाधीशांपुढे नेलेले बरे. परंतु या दाव्यांत एक माणूस असा असतो की ज्याला जमिनीतला एक गुंठाही मिळायचा नसतो, तरी सर्वांत जास्त ओढाताण त्याची होते. तो म्हणजे साक्षीदार. आज त्याच्याविषयी विचार करू या.

समजा, एका घरातील वडील मृत्युपत्र न करता वारले. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती मुलगी ही मुलाइतकीच वारस असते. पुढे भावांनी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. बहीण म्हणते, "मला कागद वाचून दाखवलाच नाही." त्या कागदावर साक्षीदार म्हणून शेजारच्या काकांची सही आहे. कागद वाचला गेला नव्हता, हे काकांना पक्के ठाऊक आहे.

आता दाव्यात साक्ष कशी होते ते पाहा. 2002 पासून दिवाणी दाव्यात साक्षीदाराची सरतपासणी सहसा तोंडी होत नाही, ती प्रतिज्ञापत्रावर होते. प्रतिज्ञापत्र वकिलाच्या कार्यालयात टाइप होते. काकांसमोर तयार कागद येतो. त्यात लिहिलेले असते की दस्त माझ्यासमक्ष वाचून दाखवला व बहिणीने तो समजून सही केली. काका थबकतात. वकील म्हणतात, "काका, एवढी एकच ओळ आहे. आता मागे फिरलात तर तुम्हीच अडचणीत याल." भाऊ म्हणतात, "काका, तुमच्या आजारपणात आम्हीच धावलो होतो ना?" काठी उगारली नाही, शिवी दिली नाही, पण एका म्हाताऱ्या माणसाची विवेकबुद्धी कोपऱ्यात कोंडली गेली. दुसऱ्या बाजूनेही कधी निरोप येतो: "साक्षीला आलात तर उलटतपासणीत तुमच्या घरच्या भानगडी बाहेर काढू."

ही पद्धत नवी नाही. प्रभू येशूच्या पुनरुत्थानानंतर कबरीवरील पहारेकऱ्यांचे काय झाले, ते संत मत्तयने 28 व्या अध्यायात नोंदवले आहे. त्यांना तीन गोष्टी मिळाल्या: भरपूर पैसे, काय बोलायचे ते तयार वाक्य आणि पुढे काही झालेच तर सांभाळून घेण्याची हमी. जगातला प्रत्येक पढवलेला साक्षीदार याच तीन गोष्टींवर उभा केला जातो. त्या पहारेकऱ्यांनी रिकामी कबर स्वतः पाहिली होती. जगाला पहिली सुवार्ता सांगण्याची संधी त्यांच्या हातात होती आणि ती त्यांनी विकली.

सर्वच वकील असे करतात असे मी म्हणत नाही. वकिली हा थोर व्यवसाय आहे आणि आपल्या धर्मग्रामातही प्रामाणिक वकील आहेत. साक्षीदाराला जुने कागद दाखवणे, तारखांची आठवण करून देणे, न्यायालयात कसे उभे राहावे हे समजावणे, यात काही गैर नाही. स्मरण देणे वेगळे आणि पढवणे वेगळे. स्मरण देणारा विचारतो, "तुम्ही काय पाहिले?" पढवणारा सांगतो, "तुम्ही हे पाहिले." संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुमा थिऑलॉजिका'मध्ये साक्षीदार आणि वकील यांच्यावर स्वतंत्र प्रश्न लिहिले आहेत. आपल्या अशिलाची बाजू अन्यायाची आहे असे दावा चालू असताना वकिलाला कळले, तर त्याने काय करावे? संत थॉमस म्हणतात की त्याने अशिलाची गुपिते विरुद्ध बाजूला सांगू नयेत. पण दावा सोडावा किंवा अशिलाला माघार घ्यायला अथवा तडजोडीला राजी करावे. खोटेपणाचा आधार मात्र त्याला घेता येत नाही.

देशाचा कायदाही हेच बजावतो. न्यायालयात शपथेवर जाणूनबुजून खोटी साक्ष देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेनुसार 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि खोट्या साक्षीसाठी धमकावणाऱ्यालाही तितकीच शिक्षा होऊ शकते. उलटतपासणीत केवळ अपमान करण्यासाठी विचारलेले प्रश्न न्यायाधीशांनी रोखावेत, अशी तरतूद 1872 च्या पुरावा कायद्यात होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे.

म्हणून साक्षीदारांना माझी विनंती आहे: वाचल्याशिवाय सही करू नका. कागद इंग्रजीत असेल तर विश्वासू माणसाकडून अर्थ समजून घ्या. जे पाहिले नाही ती ओळ खोडायला सांगा. "मला आठवत नाही" हेही खरे उत्तर असू शकते. पण आठवत असताना तसे म्हणणे ही खोटी साक्षच आहे. उपकाराची फेड सेवेने करा, शपथेने नको.

दावा लढणाऱ्यांना सांगायचे ते अधिक कठोर आहे. "ते सगळे वकिलांनी केले, आम्हाला काय कळते?" असे आपण म्हणतो. नाबोथाची गोष्ट आठवा. त्याचा वडिलोपार्जित द्राक्षमळा अहाब राजाला हवा होता. पत्रे ईजबेल राणीने लिहिली, खोटी साक्ष दोघा नीच माणसांनी दिली, दगड गावकऱ्यांनी मारले. अहाबाने स्वतः काहीच केले नव्हते, तो फक्त मळ्याचा ताबा घ्यायला गेला. आणि देवाने एलिया संदेष्ट्याला त्याच मळ्यात अहाबापुढे उभे केले. ज्याच्या लाभासाठी खोटे बोलले गेले, त्याला देवाने जाब विचारला.

म्हणून वकीलपत्रावर सही करतानाच आपल्या वकिलांना सांगा, "साहेब, दावा हरलो तरी चालेल, पण माझ्यासाठी कोणाला खोटे बोलायला लावू नका." आणि खोट्या साक्षीवर मिळालेली जमीन आज कोणाच्या नावावर असेल, तर हेही ऐका. प्रायश्चित्त साक्रामेंतात देव पाप क्षमा करतो, परंतु सातबाऱ्यावरचे नाव त्यामुळे बदलत नाही. सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करणे हे कर्तव्य आहे, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. बहिणीचा वाटा बहिणीला परत द्यावा लागेल.

आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीविषयी आहे. काकांच्या कुंपणापलीकडे वाढलेली ती मुलगी त्यांची शेजारीणच आहे. खरे बोलल्यामुळे एखाद्या साक्षीदाराशी कोणी बोलेनासे झाले, तर आपण त्याच्या घरी जाऊ या, त्याच्या सुखदुःखात उभे राहू या. एकट्या माणसाला दबाव लवकर वाकवतो.

पिलातासमोर उभे असताना प्रभू येशूने आपण सत्याची साक्ष द्यायला जगात आलो आहोत, असे सांगितले. त्याच्यासाठी प्राण देणाऱ्यांना आपण रक्तसाक्षी म्हणतो. आपल्याकडे आज कोणी रक्त मागत नाही. एका कागदावरची एक खोटी ओळ नाकारण्याचे धैर्य मात्र मागितले जाते. ते धैर्य पवित्र आत्मा आपणा सर्वांना देवो.

प्रभूच्या सेवेत आपला,
प्रमुख धर्मगुरू