हातात आलेला स्टड

नट घट्ट बसला आहे हे दिसत असूनही त्याला आणखी एक पिळा द्यावा, असं ज्याला वाटत नाही तो माणूस मध्यमवर्गीय नव्हे, असं माझं ठाम मत आहे. आम्ही कुलूप लावतो, ओढून बघतो, चार पावलं जातो आणि परत येऊन पुन्हा ओढतो. गॅस आमच्या घरात तीन माणसं तीनदा बंद करतात. या वृत्तीला आम्ही काळजी म्हणतो. तिच्या परिणामाला मेकॅनिक लोक ‘आटे गेले’ म्हणतात.

1983 सालची गोष्ट. आम्ही जळगावला होतो आणि आमच्याकडे एक जुनी पद्मिनी होती. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला मिळतो तिथून एक दिवस फटफट आवाज येऊ लागला. त्या जागी स्टड असतात; म्हणजे डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट. एक टोक इंजिनाच्या हेडमध्ये रुतलेलं, दुसऱ्यावर नट. मधलं पॅकिंग जळलं होतं, पण मी निदान केलं, नट ढिला आहे. पान्याला हातभर लांब लोखंडी पाइप जोडला आणि नट कसला. आवाज थांबेना, म्हणून आणखी कसला. शेवटी नट एकदम लोण्यातून फिरावा तसा फिरला. मला वाटलं, वठणीवर आला. वास्तविक त्याच क्षणी आतले आटे गेले होते. स्टड पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचं. जोरात ओढाताण झाली की कोण हरणार हे ठरलेलंच.

पुढच्या आठवड्यात मेव्हण्याकडे धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर गाडी अशी गर्जत गेली, की वाटेतल्या बैलांनीसुद्धा आदरानं रस्ता दिला. धुळ्यात शिरताच सौ. म्हणाली, “आधी गॅरेज, मग माझा भाऊ. त्याला एवढ्या मोठ्यानं भेटायची गरज नाही.”

गॅरेजात उस्तादांनी एका तेरा-चौदा वर्षांच्या पोराला नट खोलायला सांगितलं. एवढ्या लहान पोरानं काम करावं याचं तेव्हा कुणाला फारसं काही वाटत नसे. त्यानं पाना लावला, आणि नटासकट अख्खा स्टड त्याच्या हातात आला. स्टडला ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली. तेच हेडमधले आटे.

“काय व्हयनं रे?” उस्ताद ओरडले. पोरगं म्हणालं, मी जोरच लावला नाही. त्याच्या पाठीत धपाटा बसला आणि मजुरीतून पाच रुपये कापायचं जाहीर झालं.

मी गप्प बसलो. ज्याच्या हातात मोडलं त्यानं मोडलं, हा न्याय आपल्या घराघरांत चालतो. तडा कुणी का पाडला असेना, कप फुटतो तो भांडीवालीच्या हातून. शिवाय माझ्यापाशी युक्तिवाद तयार होता: पोराला पुढे सावधपणे काम करायची सवय लागेल! दुसऱ्याच्या धपाट्यातून शिक्षण शोधायला आपण फार तत्पर असतो. ज्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, त्याच गावात मी एका मोडक्या स्टूलावर बसून पाच रुपयांपुरता चोर झालो होतो.

उस्ताद कामाला लागले. 8 मिलिमीटरच्या स्टडची जागा आता खिळखिळी झालेली. ते म्हणाले, “साहेब, भोक बुजवून भागत नाही. आधी मोठं करावं लागतं.” साडेआठचं ड्रिल मारून त्यांनी खराब भाग काढला, टॅपला रॉकेल लावलं आणि 10 मिलिमीटरचे नवे आटे पाडायला घेतले. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे का? तर कीस तुटून मोकळा व्हावा म्हणून. नुसतं पुढे रेटलं तर टॅपच आत मोडतो. लेथवरून एका टोकाला 10 आणि दुसऱ्या टोकाला 8 असा दुमापी स्टड करून आला.

ते मागे फिरणं बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, “उस्ताद, आटे मी घालवले. पाइप लावून.”

त्यांनी जुना स्टड उजेडात धरला. मधोमध तो ताणून बारीक झाला होता. “हे मी आधी बघायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “पण मला काय सांगता? त्याला सांगा.”

साहेब माणसानं ग्रीसनं माखलेल्या पोराला ‘चुकलो’ म्हणायचं! टॅप माझ्या घशात अडकला. पण म्हणालो. पोरानं माझ्याकडे बघितलंही नाही. हात पुसत म्हणालं, “पहिलेच बोलायचं ना, साहेब.”

धपाटा परत घेता येत नाही. पाच रुपये तेवढे माफ झाले. नवा स्टड त्यानंच बसवला, आधी बोटांनी, मग छोट्या पान्यानं, एका हातानं. मला त्याच्या मनगटाकडे बघून वाटलं, आणखी एक पिळा द्यावा. तेवढ्यात त्यानं पाना खाली ठेवला.

बिलावर मी थोडे जास्त पैसे देऊ लागलो. उस्तादांनी ते परत केले. “जास्तीचं द्यायचंच असेल तर तो पाइप द्या,” ते म्हणाले.

दिला. गाडी गेली, गॅरेजही आता असेल-नसेल. कुलूप मात्र मी अजून दोनदा ओढून बघतो. तिसऱ्यांदा हात गेला, की ते पोरगं आठवतं.